उन्हाळी आणि गर्भातले लेकरू

वैशाख अर्धा सरला, की अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर चढतो, दुपारचे रस्ते ओस पडतात, आणि वऱ्हाडातल्या घराघरांतून बायकांची एक तक्रार दबक्या आवाजात सुरू होते. लघवीला पुनःपुन्हा जावेसे वाटणे, गेल्यावर थेंबथेंब होणे आणि होताना आग होणे, या त्रासाला आपल्या भाषेने ऋतूचेच नाव देऊन त्याला उन्हाळी म्हटले आहे, आणि धने-जिऱ्याचे पाणी, वाळ्याचे पाणी, सब्जा, ताक हा त्यावरचा इलाजही ऋतूला साजेसाच सांगितला आहे. एरवीच्या माणसाला हा इलाज पुष्कळदा पुरतो, कारण अंगातले पाणी आटल्यामुळे दाट झालेली लघवी पाणी वाढले की निवळते. गर्भिणीला लागलेली उन्हाळी मात्र अशी धने-जिऱ्यावर सोपवता येत नाही. तिच्यामागे जंतू असण्याचा संभव मोठा असतो, आणि ते जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले, तर तिच्या जिवाबरोबर पोटातल्या लेकराचाही मामला सुरू होतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या भाचीसोबत मी अकोल्यातील एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात बसले असताना, पूर्णाकाठच्या एका खेड्यातून आलेली सासू-सुनेची जोडी आमच्या शेजारीच बसली होती. सुनेला सातवा महिना. पदराच्या टोकाला बांधलेली गाठ सोडून तिने औषधाच्या पट्टीचा एक कापलेला तुकडा डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला, आणि तो कोठून आला हे तिने सांगण्याआधीच सासूने तक्रार गुदरली : "अवं बाई, मेडिकलवाल्यानं देल्ल्या ह्या गोया. दोन दिवस खाल्ल्या, त लघवी हळदीवानी पिवळी होऊन रायली. लेकराले गरम पडन ना वं! म्या म्हटलं, कायले खातं, फेकून दे." डॉक्टरीणबाईंनी तो तुकडा उलटा करून त्याच्या चंदेरी पाठीवरची अर्धवट कापली गेलेली अक्षरे वाचली. औषध नायट्रोफ्युरँटॉइन होते. या औषधाने लघवीला गडद पिवळा किंवा तपकिरी रंग येतो आणि त्या रंगाने कोणाचेच काही बिघडत नाही, हे त्यांनी त्या दोघींना न रागावता समजावून सांगितले. सातव्या महिन्यात हे औषध चालते, हेही सांगितले. परंतु लघवीची तपासणी न करता ते घेतले गेले होते, आणि आग थोडी शमताच, दोन दिवसांत, ते बंदही झाले होते. आता चार दिवसांनी आग परतली होती, आणि उजव्या कुशीत, बरगडीच्या खाली, दुखू लागले होते.

त्या कापलेल्या तुकड्यात मला वऱ्हाडातल्याच काय, अवघ्या महाराष्ट्रातल्या गर्भिणींच्या औषधोपचाराची हकीकत एकवटलेली दिसली. आपल्याकडे प्रतिजैविकाविषयी एकाच घरात दोन परस्परविरुद्ध वृत्ती सुखाने नांदतात : चिठ्ठीवाचून, नाव न विचारता, सुटी चार गोळ्या विकत आणण्याइतका विश्वास, आणि त्या पोटात गेल्यावर लेकराला गरम पडेल म्हणून तिसऱ्या दिवशी उकिरड्यावर टाकण्याइतके भय. 'गरोदरपणी अँटिबायोटिक घेतले तर बाळाला अपाय होतो का?' हा प्रश्न प्रत्येक भावी माता विचारते, आणि तो तिने विचारावाच. पण त्याचे उत्तर एका 'हो'त किंवा एका 'नाही'त मावत नाही, कारण आजार कोणता, महिना कितवा, औषध कोणते आणि किती दिवसांचे, या चार गोष्टी ठरल्याखेरीज तो प्रश्नच पुरा होत नाही. आणि आजार तसाच राहू दिला तर बाळाला काय होईल, हा त्याचा जोडप्रश्न तर सहसा कोणी विचारीतच नाही.

गर्भारपणी लघवीचा जंतुसंसर्ग सहज का होतो, याचे कारण स्त्रीदेहाच्या त्या काळातील रचनेतच आहे. गर्भाशय शिथिल ठेवण्यासाठी जे संप्रेरक शरीरात वाढते, तेच मूत्रवाहिन्यांनाही सैल करते. वाढते गर्भाशय त्यांच्यावर, विशेषतः उजव्या बाजूस, दाब आणते. आणि अशा रीतीने जेथे प्रवाह खळखळता असावा तेथे तो साचतो, आणि साचल्या पाण्यात जंतू वाढतात. या सर्वसामान्य कारणांत वऱ्हाडाने आपली भर घातली आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथल्या विहिरीचे पाणी ओंजळीत घेतले तरी त्याचा खारटपणा ओठांना कळतो, आणि गोड्या पाण्याचा हंडा घरात मोजूनमापून वापरला जातो. त्यात दिवसभर निंदणाला किंवा कापूस वेचायला गेलेली बाई मुद्दामच पाणी कमी पिते, कारण गुडघ्याएवढ्या पऱ्हाटीच्या शेतात तिला आडोसा मिळत नाही. सकाळी घरून निघताना घोटभर, दुपारी भाकरीबरोबर दोन घोट, आणि मग संध्याकाळी अंधार पडेपर्यंत लघवी धरून ठेवणे, ही तिची वर्षानुवर्षांची वहिवाट असते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली; त्याच भूमीत बाईला शेतात आडोसा मिळू नये, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

या संसर्गाची सर्वांत फसवी गोष्ट अशी, की पुष्कळदा तो आग, ताप किंवा वेदना यांपैकी काहीच देत नाही. शंभर गर्भिणींपैकी दोन ते दहा जणींच्या लघवीत कसलीही तक्रार नसताना जंतू वाढत असतात. त्यांच्यावर उपचार झाला नाही, तर त्यांतल्या वीस-तीस टक्के जणींना पुढे मूत्रपिंडाचा दाह होऊ शकतो. आणि तो झाला, की थंडी वाजून ताप, कुशीत कळा, रक्तात जंतू पसरण्याचा धोका, आणि दिवस भरण्याआधीच प्रसूती, असा तो क्रम असतो. अवेळी जन्मलेल्या दीड-दोन किलोच्या बाळाची जी परवड होते, तिच्यापुढे आठवडाभराच्या योग्य औषधाचे भय किती लहान आहे, हे कोणत्याही आईला एकदा शांतपणे सांगितले तर ती समजते. येथे एक खुलासा आवश्यक आहे. आरोग्य केंद्रात पट्टी बुडवून लघवीतली प्रथिने आणि साखर पाहतात, ती तपासणी महत्त्वाची असली, तरी तिने जंतूंचा छडा लागत नाही. त्यासाठी मधल्या धारेची लघवी निर्जंतुक डबीत घेऊन ती प्रयोगशाळेत वाढवावी लागते, जिला कल्चर म्हणतात. दोन-तीन दिवसांत जंतूचे नाव कळते आणि कोणत्या औषधाने तो मरतो हेही कळते.

प्रतिजैविके नव्हती तेव्हा काय होते, याची स्मृती आपल्या समाजातून आता जवळजवळ पुसली गेली आहे. अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय लोकांच्या तोंडी अद्याप 'डफरीन'च आहे, आणि अकोल्याचे 'लेडी हार्डिंग'. हिंदुस्थानातील स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी १८८५ साली जो निधी उभारला, त्याची खूण 'डफरीन' या नावात उरली आहे. त्या काळी बाळंतीण तिसऱ्या-चौथ्या दिवशी तापाने फणफणली, की डॉक्टरच्या हाती थंड पाण्याच्या पट्ट्यांपलीकडे फारसे काही नसे. सूतिकाज्वराने आई जाई, आणि आईमागे पुष्कळदा मूलही. १९३५ साली जर्मनीत डोमाक यांनी सल्फा जातीच्या पहिल्या औषधाचे गुण प्रसिद्ध केले, त्यापाठोपाठ लंडनच्या क्वीन शार्लट प्रसूतिगृहात कोलब्रुक यांनी ते सूतिकाज्वराच्या रोग्यांना दिले, आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. मग पेनिसिलिन आले. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५पासून ते तयार होऊ लागले, आणि ही संजीवनी तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचली. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातील ॲमॉक्सिसिलिन, तसेच सेफॅलेक्सिनसारखी औषधे, कोट्यवधी गर्भिणींना दिली गेली आहेत, आणि ॲलर्जी नसलेल्या बाईला ती आजही पहिल्या पसंतीने दिली जातात. उपदंश झालेल्या आईला वेळेवर दिलेले बेंझाथिन पेनिसिलिन तर पोटातल्या बाळावरही इलाज करते, कारण ते वारेतून पलीकडे जाते.

वारेतून पलीकडे जाणे हाच खरा सगळ्या चिंतेचा उगम आहे. वार ही भिंत आहे, आईने घेतलेले औषध तिच्यापाशी अडते, असा समज डॉक्टरांतही एके काळी होता. १९६१ साली थॅलिडोमाइड या झोपेच्या आणि उलट्यांवरच्या औषधाने हजारो बालके खुरटलेल्या हातापायांनी किंवा हातापायांवाचून जन्मली, हे जगापुढे आले, आणि तो समज कायमचा गेला. थॅलिडोमाइड प्रतिजैविक नव्हते, परंतु त्यानंतर प्रत्येक औषधाची नव्याने झडती घेणे भाग पडले.

प्रतिजैविकांतही काही दोषी निघाली. माझ्या एका मावसबहिणीचे दुधाचे दात मला अजून आठवतात : हसली, की पुढचे चार दात हिरड्यांजवळ पिवळट-तपकिरी पट्ट्यांचे, जणू काथ लागला आहे. आम्ही मुली तिला 'तू खडीसाखर फार खातेस' म्हणून चिडवत असू, आणि मावशी खाली मान घाली. पुष्कळ वर्षांनी उलगडा झाला, की मावशीला सहाव्या महिन्यात ताप आला असताना टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दिल्या गेल्या होत्या. हे औषध १९४८ साली अमेरिकेत ऑरिओमायसिन या रूपाने प्रथम बाजारात आले, आणि ज्या प्रयोगशाळेत डग्गर यांना ते सापडले, तिचे प्रमुख आपले भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. पण टेट्रासायक्लिनला चुन्याची ओढ असते. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर गर्भाचे दात आणि हाडे घडत असताना ते त्या चुन्यात जाऊन बसते आणि तेथेच राहते. दुधाचे दात पडले आणि बहिणीला नवे पांढरे दात आले, कारण पक्क्या दातांची घडण मुख्यतः जन्मानंतर होते, एवढ्यावर निभावले. गर्भिणीला टेट्रासायक्लिन देऊ नये, हा नियम आता वैद्यकाच्या पहिल्या धड्यात आहे.

क्षयावरचे पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन. ते गर्भाच्या श्रवणमज्जेला इजा करून बाळाला बहिरे करू शकते, म्हणून गर्भिणीच्या क्षयोपचारातून ते वगळले गेले. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, एथॅम्ब्युटॉल ही औषधे मात्र गर्भारपणीही चालू ठेवावयाची असतात, आणि दिवस गेले म्हणून क्षयाच्या गोळ्या आपल्या मनाने सोडणाऱ्या बाईइतके मोठे संकट तिच्या बाळावर दुसरे कोणी आणीत नाही. मुदतीच्या तापावर ज्याने आमच्या आजोबांच्या पिढीला जीवदान दिले, त्या क्लोरॅम्फेनिकॉलची कथा अधिक करुण आहे. १९५९ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी नोंदविले, की हे औषध दिलेली काही नवजात बालके पोट फुगून, राखेसारखी करडी पडून दगावतात. कारण नवजाताचे यकृत अपक्व असते, मोठ्या माणसाचे यकृत जे औषध काही तासांत निकालात काढते ते त्याच्या रक्तात साचत जाते. औषधाचा 'काळ' पाहावा लागतो तो यासाठी. सल्फा औषधे प्रसूती जवळ आली असता टाळतात, कारण त्यांनी बाळाची कावीळ मेंदूपर्यंत पोचू शकते. ट्रायमेथोप्रिम पहिल्या तीन महिन्यांत टाळतात, कारण ते फॉलिक आम्लाच्या कामात आडवे येते. आमच्या त्या सुनेचे नायट्रोफ्युरँटॉइनसुद्धा नवव्या महिन्याच्या अखेरीस देत नाहीत, बाळाच्या तांबड्या पेशी फुटण्याचे भय असते म्हणून; आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची औषधे, जी आपल्याकडे जुलाबापासून सर्दीपर्यंत कशावरही विकली जातात, ती दुसरा पर्याय असेतो गर्भिणीला देत नाहीत.

औषध निर्दोष असले, तरी ते निष्कारण दिले तर काय होते, याचा धडा इंग्लंडमधील 'ओरॅकल' या प्रयोगाने दिला. दिवस भरण्याआधी कळा सुरू झालेल्या, परंतु पाणमोट न फुटलेल्या आणि संसर्गाचे चिन्ह नसलेल्या स्त्रियांना, झाला तर फायदाच, या विचाराने प्रतिजैविके देऊन पाहिली गेली. २००१ साली कळले, की फायदा काहीच झाला नाही. २००८ साली, ती मुले सात वर्षांची झाल्यावर, पुन्हा मोजणी झाली, आणि एरिथ्रोमायसिन मिळालेल्या मातांच्या मुलांत मेंदूच्या पक्षाघाताचे प्रमाण १.७ टक्क्यांवरून ३.३ टक्के झालेले आढळले. उलट, ज्यांची पाणमोट अवेळी फुटली होती त्यांच्या बाळांना तेच एरिथ्रोमायसिन हितकर ठरले. ज्या औषधाने एका बाईच्या बाळाचे रक्षण केले, त्यानेच दुसरीच्या बाळाचे अहित करावे, हे वाचताना मी कितीतरी वेळ थांबले होते.

आपल्या विदर्भातल्या स्त्रियांनीही या ज्ञानात भर घातली आहे. सात देशांतील २९,२७८ स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगात नागपूर हेही एक केंद्र होते; प्रसूतीच्या कळा सुरू असताना अझिथ्रोमायसिनची दोन ग्रॅमची एकच मात्रा दिली असता, आईला गंभीर जंतुदोष होण्याचे किंवा ती दगावण्याचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. नवजाताच्या बाबतीत मात्र काहीच फरक पडला नाही.

आता नव्या चिंतेविषयी. आईच्या अंगावरचे आणि आतड्यातले उपकारक जंतू प्रसूतीच्या वाटेवर आणि अंगावरच्या दुधातून बाळाला मिळतात. कोऱ्या दुधाला विरजण लावावे, तसे बाळाचे आतडे आईच्या विरजणाने लागते. आणि आईच्या दुधात तर अशा शर्करा असतात, की ज्या बाळाला पचत नाहीत, केवळ त्या जंतूंचे खाद्य म्हणून निसर्गाने त्या दुधात घातल्या आहेत. प्रतिजैविकाने हे विरजण पातळ होते, हे खरे. त्यामुळे पुढे दमा, लठ्ठपणा, ॲलर्जी यांचा धोका वाढतो का, याचा शोध जगभर चालू आहे. स्वीडनमध्ये जवळजवळ पाच लाख मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आईने गर्भारपणी प्रतिजैविके घेतलेल्या मुलांत दमा अधिक दिसला. परंतु संशोधकांनी पुढे जाऊन सख्ख्या भावंडांचीच तुलना केली, एकाच्या वेळी आईने औषध घेतलेले, दुसऱ्याच्या वेळी न घेतलेले, तेव्हा तो फरक उरला नाही. म्हणजे दोष औषधाचा नसून घराचा, हवेचा, आनुवंशिकतेचा असण्याचा संभव अधिक. वर्तमानपत्रातले मथळे वाचून गोळ्या सोडणाऱ्या सुशिक्षित घरांतल्या मुलींना मी हे आवर्जून सांगते.

बाळ जन्मल्यावरची कथा आणखी निराळी. पाचव्या रात्री सटवाई येऊन ललाटरेषा लिहिते, अशी श्रद्धा ज्या समाजात रुजली, त्या समाजाने पहिल्या आठवड्यातले मृत्यू किती पाहिले असतील! गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या आरोग्यदूत स्त्रियांना नवजाताचा जंतुदोष ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने को-ट्रायमॉक्सॅझोल देण्यास शिकविले, आणि तिसऱ्या वर्षी तेथील नवजात-मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली 'लॅन्सेट'ने छापले. जेंटामायसिनही स्ट्रेप्टोमायसिनच्याच कुळातले. जे गर्भिणीला देताना हात आखडता घ्यावा लागतो, तेच श्वास अडलेल्या तीन दिवसांच्या बाळाला जगवते. परंतु जंतू त्याला दाद देतात तोवरच. दिल्लीच्या तीन इस्पितळांतल्या नवजातांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात क्लेबसिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर हे जंतू अनेक औषधांना दाद देईनासे झाल्याचे दिसले. आईच्या अंगावर असे निगरगट्ट जंतू वाढले, तर ते बाळाला जन्मतःच भेटू शकतात. दोन दिवस घेऊन सोडलेल्या गोळ्यांची किंमत अशा रीतीने तिसऱ्याच कुणाकडून वसूल होते.

कायद्याने या बाबतीत हयगय केलेली नाही. २०१३ साली 'एच-१' नावाची अनुसूची निघाली आणि १ मार्च २०१४पासून अंमलात आली; तिच्यातली औषधे विकताना डॉक्टरचे आणि रोग्याचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळ्या दप्तरात नोंदवून ते तीन वर्षे जपून ठेवण्याचा हुकूम आहे. २०१६पासून प्रतिजैविकांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते, चिठ्ठीवाचून घेऊ नका म्हणून. त्या सुनेच्या पदरातल्या तुकड्याला मात्र ती रेघ नव्हती. कात्री नेमकी तिच्या अलीकडून फिरली होती. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भिणींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, हे त्या गावात कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. आशाताईंनी सांगितले होते, पण त्या दिवशी निंदण होते.

डॉक्टरीणबाईंनी सुनेला दाखल करून घेतले. ताप चढू लागला होता, आणि कुशीतली कळ पाहता गोळ्यांवर विसंबण्याची वेळ गेली होती. शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोन द्यावयाचे ठरले, पण त्याआधी डबी हातात देऊन, पहिली धार सोडून मधली कशी घ्यावी, हे परिचारिकेने तिला मोरीच्या दारापर्यंत जाऊन सांगितले. सासू बाहेर उभी होती. सून भरलेली डबी घेऊन आली, तशी म्हातारीने ती तिच्या हातातून घेतली, झाकण घट्ट आहे ना हे दोनदा पाहिले, आणि प्रयोगशाळेची खिडकी कोणती, हे मला विचारले. "तीन दिवस लागतेत म्हंते रिपोर्टाले," ती म्हणाली. "राहू आम्ही." मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून, झाकण स्वतःच फिरवून, तिने ती सुनेच्या तोंडापाशी धरली : "पी वं माय. सारी पी."